गिटार गप्प का झाली?

लग्नसराई सुरू झाली की नांदेड-लातूरकडच्या रस्त्यांवर संध्याकाळी एक आवाज हमखास ऐकू येतो. तो म्हणजे वरातीतल्या बेंजोचा. टेम्पोवर रचलेले स्पीकर, शेजारी धडधडणारा जनरेटर, एक ऑक्टोपॅड, दोन ढोल आणि या सगळ्यांवर कडी करणारा बेंजोचा टणत्कारी सूर. या वाद्याचे कूळ जपानी आहे. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोया शहरात 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. त्याच्या तारांवर टाइपरायटरसारख्या कळा होत्या. तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झाले आणि पुढे तारांखाली पिकअप बसवल्यावर वरातीतला बेंजो. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात बेंजोवादकाचे काम लातूरच्या रितेश देशमुख यांनी केले होते, हे विद्यार्थी तुम्हाला लगेच सांगतील.

पण हा बेंजो ऐन वरातीत गप्प झाला तर? वाजवणारा काय करतो ते आम्ही अनेकदा पाहिले आहे. तो आधी वायर हलवतो, मग दुसरी वायर लावतो, मग मिक्सरचे दुसरे भोक वापरून पाहतो. चार-पाच मिनिटांत वरात पुन्हा सुरू होते. त्याने जे केले त्याला शास्त्रीय पद्धत म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे आठवण्याचे कारण वेगळे. नांदेड जिल्ह्यातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाच्या दोन दिवस आधी आम्हाला बोलावणे आले. माजी विद्यार्थ्याने शाळेला भेट दिलेली गिटार बंद पडली होती. ती साधी गिटार नव्हती. एक खटका फिरवला की तीच गिटार कधी जुन्या विजेच्या गिटारीसारखी, कधी पोकळ लाकडी गिटारीसारखी, तर कधी सतारीसारखी वाजे. अशा वाद्याला 'मॉडेलिंग गिटार' म्हणतात. तिच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्यामुळे शाळेत सर्वांचे एकमत झाले होते : "सर, आतला कॉम्प्युटरच गेला बघा. पुण्याला पाठवावी लागेल."

संगणक गेला नव्हता. तिच्यात तीन वेगवेगळे दोष होते आणि तिन्ही शाळेतच सापडले. ते कसे सापडले हे सांगण्याआधी तारेचा आवाज स्पीकरपर्यंत कसा पोचतो ते पाहू या.

तार ते वीज : दोन वाटा

पहिली वाट चुंबकाची. एका चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर पोलादी तार ताणलेली असते. चुंबकामुळे पोलादी तारही थोडी चुंबकित होते. ती कंप पावली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. १८३१ साली मायकेल फॅरेडेने शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. बारावीच्या पुस्तकातले सूत्र इथे अक्षरशः गाऊ लागते. भूकंपाची कंपने टिपणाऱ्या अनेक यंत्रांतही असेच चुंबक आणि वेटोळे असते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरू न शकणाऱ्या आपल्या भागात विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावे.

या वाटेचा एक नियम लक्षात ठेवा. तार चुंबकाला प्रतिसाद देणारीच हवी. बेंजोला चुकून पितळी तार लावली तर हाताला कंप जाणवेल, जवळून बारीक सूरही ऐकू येईल, पण स्पीकर जवळजवळ मुका राहील. दोष विजेचा नसून धातूचा असतो.

दुसरी वाट दाबाची. क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या दोन बाजूंमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी हे १८८० साली दाखवले. याला दाबविद्युत म्हणतात आणि दुकानात अशा चकतीला 'पायझो' म्हणतात. गिटारीच्या खालच्या टोकाला ज्या घोडीवर तारा टेकतात, तिथे प्रत्येक तारेखाली असा एक तुकडा बसवता येतो. मग सहा तारांचे सहा वेगळे संकेत मिळतात. मॉडेलिंग गिटारीचा पाया हाच आहे.

वीज ते आकडे

तारेचा कंप एकसुरी नसतो. मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूरही तारेत असतात. आता समजा, चुंबकाचा पिकअप तारेच्या बरोबर एक चतुर्थांश अंतरावर आहे. त्या बिंदूवर चौथ्या सुराची तार हलतच नाही, तो त्याचा निस्पंद बिंदू. म्हणजे पिकअपला चौथा सूर ऐकूच येत नाही. पिकअप सरकवला की गळणारे सूर बदलतात आणि गिटारीचा 'स्वभाव' बदलतो.

घोडीवरच्या पायझोला मात्र हे सगळे सूर मिळतात. मग गणित करून त्यातले ठरावीक सूर वगळले तर? पिकअप न हलवता तो हलवल्याचा भास होईल. संगणक नेमके हेच करतो. आकडे घालून पाहू. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर आणि सर्वांत जाड तारेची वारंवारता ८२.४ हर्ट्झ धरा. तारेवरून लहर सेकंदाला सुमारे १०७ मीटर वेगाने धावते. घोडीपासून १६२ मिलिमीटरवर, म्हणजे एक चतुर्थांश लांबीवर, पिकअप असता तर लहर तिथून घोडीपर्यंत जाऊन परत यायला सुमारे ३ मिलिसेकंद लागले असते. संगणक सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदवत असेल तर ३ मिलिसेकंद म्हणजे सुमारे १३४ आकडे. प्रत्येक आकड्यातून १३४ आकड्यांपूर्वीचा आकडा वजा करा. झाला तुमचा काल्पनिक पिकअप! एका वजाबाकीने चौथा सूर नाहीसा होतो. खऱ्या वाद्यात यापुढे लाकडाचा, पोकळीचा, वेटोळ्याचा असे आणखी संस्कार होतात, पण बीज हेच.

या मार्गाने जाणारी रोलंड कंपनीची व्हीजी-८ ही यंत्रणा १९९५ साली आली. तिच्यात संगणक गिटारीबाहेरच्या पेटीत होता. पुढे २००२-०३ च्या सुमारास लाइन सिक्स कंपनीच्या व्हेरिअॅक्स गिटारीत तो गिटारीच्या पोटातच गेला.

आठ कड्यांची साखळी

आता दुरुस्तीकडे वळू. तार, पिकअप, आतले मंडल, जॅक, वायर, मिक्सर, अॅम्प्लिफायर, स्पीकर. ही आठ कड्यांची साखळी आहे. एक कडी तुटली की आवाज बंद. कोणती तुटली ते कसे शोधायचे?

एकेक कडी तपासली तर नशीब खोटे असल्यास सात तपासण्या लागतील. पण विद्यार्थ्यांचा 'मनातला आकडा ओळख' हा खेळ आठवा. एक ते हजारमधला आकडा 'पाचशेच्या वर की खाली' अशा प्रश्नांनी दहा प्रश्नांत ओळखता येतो. इथेही साखळी मधोमध तोडायची. गिटारीच्या जॅकमधून वायर काढून ती चालू असलेल्या दुसऱ्या वाद्याला लावायची. आवाज आला तर वायरपासून पुढचे सगळे ठीक, दोष गिटारीत. नाही आला तर दोष वायर ते स्पीकर यांत. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. तीन तपासण्यांत दोष हाती येतो.

शाळेत आम्ही हेच केले. वायर एका विद्यार्थ्याच्या बेंजोला लावली, तर बेंजोही मुका. म्हणजे संगणकावर आळ घेण्याचे कारणच उरले नाही. मल्टिमीटरने वायर मोजली. टोक ते टोक आणि बाहेरची जाळी ते जाळी रोध जवळजवळ शून्य हवा, टोक ते जाळी मात्र जोड नको. आमच्या वायरीत टोकाचा जोड प्लगपाशी वाकवले की तुटत होता. सोल्डरचा एक थेंब पडला आणि गिटार बोलू लागली. पहिला दोष संपला.

एक तार मुकी

आवाज आला, पण तिसरी तार मुकी होती. पुन्हा तेच : "बघा सर, कॉम्प्युटर!"

इथे थांबून विचार करावा. सहा तारांचे संकेत सहा वेगळ्या वाटांनी येतात आणि संगणकात एकत्र होऊन एकाच वाटेने बाहेर पडतात. मग एकच तार गेली असेल तर दोष एकत्र येण्याच्या आधीच्या वाटेवर. सहाही गेल्या तर तो बहुधा एकत्र आल्यानंतरच्या वाटेवर किंवा सगळ्यांना लागणाऱ्या बॅटरीत. सर्व तारा एका आवाजात नीट आणि दुसऱ्यात विचित्र वाजत असतील तर सुटे भाग ठीक आहेत, मांडणीच्या नोंदी बिघडल्या आहेत. काही गिटारींत पायझोबरोबर चुंबकाचे पिकअपही असतात. ते चालतात आणि मॉडेल चालत नाही, तर बॅटरी आणि संगणकाचे मंडल पाहावे. पेचकस हातात घेण्यापूर्वीच अर्धे निदान असे डोक्यात होते.

आम्ही पेन्सिलीने घोडीच्या सहा टेकूंवर हलकेच टिचकी मारली. पाच ठिकाणी स्पीकरमधून 'टक्' आले, तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. बॅटरी काढून मागचे झाकण उघडले. तिसऱ्या पायझोची बारीक वायर तिच्या जोडणीतून निसटून आली होती. ती जागेवर बसवली आणि तार बोलली.

इथे एक चूक वारंवार होते. पायझो हा विजेच्या दृष्टीने कपॅसिटरसारखा असतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवून तो मोजला तर चांगला पायझोसुद्धा 'अखंड रोध' दाखवतो. नवशिका तो मेला म्हणून फेकून देतो. चुंबकाच्या साध्या पिकअपला मात्र ओहम चालतात. आवाजाचे बटण पूर्ण उघडून मोजले तर ६ ते १५ हजार ओहमच्या आसपास आकडा येतो. अनंत आला तर वेटोळे किंवा जोड तुटलेला, शून्य आला तर आतल्या आत जोड लागलेला. बॅटरीवर चालणाऱ्या मंडलाच्या गिटारीला जॅकवरची ही मोजणी लागू नाही.

बॅटरी, दमट हवा आणि लांब वायर

जॅक लावला की गिटारीची बॅटरी चालू होते, अशी सोय अनेक गिटारींत असते. कार्यक्रम संपल्यावर वायर तशीच राहिली की सकाळी बॅटरी उतरलेली. ती मोजायचीही रीत आहे. नुसती काढून मोजली तर थकलेली ९ व्होल्टची बॅटरी साडेआठ व्होल्ट दाखवून फसवते. गिटार चालू असताना मोजावी, म्हणजे भार पडल्यावर तिचा खरा दम कळतो. उतरत्या बॅटरीवर मॉडेलिंग गिटार आधी घरघरते, अडखळते आणि मग बंद पडते. अशा वेळी घाईने सगळ्या नोंदी पुसून मूळ स्थितीला आणण्याचे बटण दाबू नये. वाजवणाऱ्याने जपलेले आवाज हकनाक जातात.

पावसाळ्यात आणखी एक तक्रार येते : 'जाड तारांचा दम गेला, आवाज पत्र्यासारखा येतो.' पायझोची धारकता १ नॅनोफॅरड आणि पुढच्या मंडलाचा रोध १ कोटी ओहम धरला, तर सुमारे १६ हर्ट्झच्या वरचे सगळे सूर पुढे जातात. पण जोडावर धूळ, घामाचे मीठ आणि ओल साचून विजेला चोरवाट मिळाली आणि रोध १० लाख ओहमवर उतरला, तर ही सीमा १५९ हर्ट्झवर चढते. ८२ हर्ट्झची जाड तार मग क्षीणच होणार. उपाय सोपा. वाद्य कोरड्या जागी ठेवा, जोड मऊ ब्रशने साफ करा, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. उन्हाळ्यात उलट धोका असतो. मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत साचते, म्हणून मंडलाला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा. बंद गाडीत तर वाद्य ठेवूच नये.

साध्या चुंबकाच्या गिटारीला वायरीची लांबीही नडते. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व अडीच हेन्री आणि ५ मीटर वायरीसह एकूण धारकता ६०० पिकोफॅरड धरली, तर अनुनाद सुमारे ४१०० हर्ट्झवर येतो. वायर १० मीटरची केली की धारकता ११०० पिकोफॅरड होते आणि अनुनाद ३००० हर्ट्झच्या आसपास उतरतो. आवाज मंद वाटतो. 'वायर बदलल्यापासून मजा गेली' असे बेंजोवाला म्हणतो ते खोटे नसते. अनुनादाचे सूत्र बारावीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यांच्याकडून हे गणित करून घ्या.

बटण फिरवताना होणारी खरखर हा दोष मात्र किरकोळ. बटणाखालच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. अॅम्प्लिफायर बंद करून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवले की बहुतेकदा भागते.

गुणगुण आणि कापलेली पिन

आता तिसरा दोष. हाच सर्वांत महत्त्वाचा. गिटार बोलू लागली, पण मागून सतत गुणगुण येत होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण दोन प्रकारची असते. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याच्याशी जुळत असेल तर ती १०० हर्ट्झची, आणि बहुधा पॉवर सप्लायमधला कपॅसिटर थकलेला. ती याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची. मग जवळचा ट्रान्सफॉर्मर, तुटलेली जाळी किंवा नसलेले अर्थिंग यांचा संशय घ्यावा.

आमची गुणगुण खालची होती. आम्ही अॅम्प्लिफायरचा प्लग पाहिला. अर्थिंगची जाड पिन कोणीतरी कापून टाकली होती. "सर, अर्थिंग जोडलं की दोन डब्यांमधून आवाज येतो, म्हणून काढली," असे उत्तर मिळाले. दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडली की वायरींचे एक मोठे वेटोळे तयार होते आणि त्यात गुणगुण शिरते, हे खरे आहे. पण त्यावर उपाय पिन कापणे हा नव्हे. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर जोडणे हा आहे.

ही गोष्ट जीवावरची का? गिटारीच्या तारा वायरीच्या जाळीतून अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसले तर तारांतही २३० व्होल्ट येतात. वाजवणाऱ्याचा एक हात तारांवर, तोंड माईकपाशी, आणि माईक दुसऱ्या, अर्थिंग असलेल्या मिक्सरला जोडलेला. घामेजलेल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून जाईल. जीव वाचवण्यासाठी बसवलेला स्वयंचलित खटका ३० मिलिअँपिअरलाच तुटायला हवा असतो, यावरून धोका ओळखा. वरातीत जनरेटर असतो आणि पायाखाली ओली जमीनही असते.

म्हणून तीन नियम. अर्थिंगची पिन कधीही कापू नका. मंचाच्या किंवा वरातीच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा खटका जाणकार इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. आणि वाजवण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून गिटारीची तार आणि माईकची जाळी यांमध्ये मोजा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वाजवू नका, आधी कारण शोधा. अॅम्प्लिफायर विद्यार्थ्यांनी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात.

त्या शाळेत नवा प्लग आला, सगळी वाद्ये एका बोर्डावर आली आणि गुणगुण विरली. स्नेहसंमेलन पार पडले. गिटार पुण्याला गेली नाही.

वर्गात करून पाहा

एका फळीवर पोलादी तार ताणा. जुन्या रिलेच्या वेटोळ्याला चुंबक चिकटवून ते तारेखाली ठेवा. दुसऱ्या फळीवर तारेच्या टेकूखाली एक पायझो चकती दाबून बसवा. दोन्ही आळीपाळीने बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरला जोडा. विजेच्या बोर्डावर चालणारा अॅम्प्लिफायर इथे नको. पोलादी तार काढून पितळी लावा आणि कोणती फळी गप्प होते ते आधी ओळखायला सांगा, मग वाजवा.

यानंतर खरा खेळ. एका गटाने साखळीत गुपचूप एक दोष घालायचा. एखादा जोड सैल करा, थकलेली बॅटरी लावा, वायर बदला. दुसऱ्या गटाने तो तीन तपासण्यांत शोधायचा. अट एकच : प्रत्येक तपासणीआधी 'असे झाले तर दोष इकडे, तसे झाले तर तिकडे' हे वहीत लिहायचे. अंदाजाने दोष सापडला तर गुण नाहीत.

बोर्डाच्या परीक्षेतल्या यशामुळे 'लातूर पॅटर्न' हे शब्द महाराष्ट्रभर गेले. आपली मुले प्रवर्तनाची गणिते झपाट्याने सोडवतात. त्याच मुलांच्या हातात बंद पडलेला बेंजो दिला तर ती काय करतील? कारण न शोधता 'आतलं काहीतरी गेलं' म्हणतील, की वायर काढून दुसरीकडे लावून पाहतील? वरातीतला बेंजोवाला पोटासाठी ही पद्धत शिकला. ती शाळेतही शिकवता येईल. पुढच्या वेळी शाळेतले काही बंद पडले, की दुकानात पाठवण्याआधी एक तास ते वर्गात ठेवून पाहा.